आभाळातले आकडे

सुलाबाईनं भिजवलेली तूरडाळ काळ्या डब्यात ओतली, वर दोन बोटं पाणी ठेवलं आणि डबा अंगणातल्या पेटीत सरकवला. शेजारी तांदळाचा डबा. काचेचं झाकण बसवून, वरचा आरसा काडीवर उभा करून ती नवऱ्याकडं वळली.

"मालगाडी गेली का पहिल्यांदा फिरवायची. मंग दर अर्ध्या तासाला. आन् उघडून बघायचं नाय. एकदा उघडली का पाव तासाची ऊब जाते, ताई म्हनली ना?"

"आयकलं."

"काल बी आयकलं होतं. आन् दोनदा उघडली."

झुंबरनं आरशाची काडी उगाच नीट केली. वस्तीच्या तोंडाशी पिकअप हॉर्न देत होती. सुलाबाईनं डोक्याला टॉवेल गुंडाळला, भाकरीचं फडकं बगलेत मारलं आणि खोकत खोकतच निघाली. कांद्याच्या लागणीचे दिवस. आज या गावात, उद्या त्या गावात, दिवसभर चिखलात वाकून रोपं टोचायची आणि दिवस बुडता घरी यायचं. खोकला गाडीपर्यंत ऐकू येत राहिला.

तिचा खोकला चुलीचा होता. नांदगावच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं होतं, की बाई, धूर बंद कर. धूर बंद कर म्हणायला काय जातं. गॅसची टाकी दिवाळीतच संपली होती आणि ती भरून आणायची तर पैशांखेरीज लागणीचा एक रोजही बुडत होता. तेवढ्यात नाशिकच्या एका संस्थेची रोहिणीताई वस्तीत आली आणि तेरा घरांना उन्हावर शिजवायच्या तेरा पेट्या देऊन गेली. आतून काळा पत्रा, वर दुहेरी काच, त्यावर आरसा, आत गोल तबकडीवर उष्णता दाखवणारा काटा. दोन महिने वापरून बघा, म्हणाली. सोबत प्रत्येक घराला एक वही. तारीख, वेळ, काट्याचा आकडा, आभाळ कसं, काय ठेवलं, कधी शिजलं.

"ऐंशीच्या वर काटा गेला की शिजायला लागतं," तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. "थंडीतल्या स्वच्छ उन्हात दुपारी एकशे दहापर्यंत जातो. भात दीड तास, तूरडाळ दोन-सव्वादोन, मटकी अडीच. वांग्याला पाणीच घालायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, साठच्या खाली कोमट राहिलेलं अन्न दोन-तीन तासांत नासतं. ते पोटात घालायचं नाही."

पेटी सूर्याकडं तोंड करून राहिली पाहिजे, म्हणजे कुणीतरी घरी पाहिजे. बाकीच्या बारा घरांत दिवसा सहसा कुणी नसायचं. झुंबर होता.

तो पंचवीस वर्षं रेल्वेच्या ठेकेदाराकडं होता. रुळाखाली खडी भरायची, टिकाव मारायचा, गाडी आली की बाजूला व्हायचं, गेली की परत खाली वाकायचं. दोन वर्षांपूर्वी कामावरच डाव्या अंगावरून वारं गेलं. हात छातीशी दुमडला तो दुमडलाच, पाय ओढावा लागे. तेव्हापासून तो ओट्यावर बसून होता. बसणं त्याला जमत नसे. बाजेवर बसला की खुर्ची बघायचा, खुर्चीवर बसला की उठून दारापर्यंत जायचा, दारातून परत यायचा. सुलाबाई म्हणायची, तुमच्या बुडाला काय काटे हायेत का? त्याला स्वतःलाच कळत नसे काय आहे ते. एवढंच कळे, की कुठलीही गाडी गेली की अंगातला प्रत्येक स्नायू उठायला बघतो आणि अर्धाच उठतो.

पहिले काही दिवस पेटीचा त्याला रागच होता. बाईमाणसाचं काम, आणि तेही डब्याची राखण. पण एके दिवशी मालगाडी गेली, त्यानं उठून चांगला हात पेटीच्या कडेला लावला, कंबरेनं रेटा दिला, दगडांवर पेटी चार बोटं सरकली आणि आरशातला उजेड बरोबर काचेवर पडला. त्यानं काचेला डोळा लावला. काटा ब्याऐंशीवर होता. बघता बघता पंच्याऐंशी झाला. काचेला आतून घाम आला. कुठं आग नाही, धूर नाही, आणि डब्याचं झाकण थरथरत होतं.

त्या दिवशी त्यानं वहीत लिहिलं, १०:४०, पंच्याऐंशी, आभाळ मोकळं. सातवीपर्यंत शिकलेला होता, अक्षर टपोरं होतं.

मग त्याला नादच लागला. पाऊण वाजता पॅसेंजर जाईपर्यंत भात उतरवण्याजोगा व्हायचा. डाळीला मागचा कोपरा चांगला, तिथं पत्रा जास्त तापतो, हे त्यानं स्वतः शोधलं. पाणी कमी घातलं की वीस मिनिटं वाचतात. संध्याकाळी सुलाबाई हात धुऊन जेवायला बसली की तो तिच्या तोंडाकडं बघायचा.

"मऊ झाली का?"

"झाली ना."

"एकशे चारला नेली व्हती."

ती हसायची. दोन वर्षांत तिला असं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं. रात्रीचा खोकलाही जरा मागं हटला होता.

पंधरा दिवसांनी आभाळ आलं. ऐन थंडीत सगळं भुरकट, ऊन म्हणून नाही. कांद्यावर करपा पडणार म्हणून शेतकरी औषधाचे पंप घेऊन धावत होते. झुंबर अंगणात बेचैन. काटा पंचावन्नवर जायचा, ढग फाटला की सत्तरला टेकायचा, परत खाली. तो सारखी पेटी फिरवायचा. सूर्य दिसत नसला तरी तो कुठं असेल ते त्याला अंगानं कळत होतं, तिकडं तो तोंड करून द्यायचा.

अठरा तारखेला तसंच रेटताना त्याचा डावा पाय दगडात अडकला.

पडला तो तोंडावर. दुमडलेला हात अंगाखाली आला. उठायला चांगला हात टेकवला तर तो मातीत घसरला. पायजम्याची नाडी सैल होऊन पायजमा कंबरेखाली आला होता आणि तो वर ओढायला हात पोचेना. वस्तीत हाकेला कुणी दिसत नव्हतं. एक कोंबडी येऊन त्याच्या कानाशी उकरू लागली. पॅसेंजर आली, जमीन हादरली, गालाला माती हादरलेली कळली. गाडी गेली. तो तिथंच.

शेवटी शेजारची कमळाबाई हंडा घेऊन निघाली तेव्हा तिला दिसला. तिला गुडघ्यांमुळं लागणीला जाता येत नसे; घरी गॅस होता म्हणून तिनं पेटी घेतली नव्हती. तिनं हंडा टाकला, आधी त्याचा पायजमा वर केला, मग काखेत हात घालून गोणी उचलावी तसा उचलून बाजेवर टाकला. दोघांनाही एकमेकांकडं बघवेना.

"लागलं का हो, भाऊजी?"

"नाय."

"सुलाला निरोप धाडू?"

"सांगू नको तिला." तो एवढ्या जोरात बोलला, की कमळाबाई दचकली. "तुला सांगतो कमळे, एक अक्षर बोलायचं नाय."

पेटीत मटकी होती. कोमट, टणक. कमळाबाईनं तो डबा आपल्या घरी नेला, गॅसवर उकळून आणला आणि परत पेटीत ठेवून दिला. सुलाबाई संध्याकाळी आली, जेवली. म्हणाली, "एवढ्या आभाळात बी मटकी झाली?"

"झाली."

"कितीवर नेली?"

वहीतला रकाना मोकळा होता. दुपारपासून तो त्याला टोचत होता. ती भांडी घासायला गेली तेव्हा त्यानं वही मांडीवर घेतली आणि लिहिलं, ११:००, ब्याण्णव. आभाळ भरलेलं. मटकी, अडीच तास.

दुसऱ्या दिवशीही आभाळ होतं. तो पेटीपाशी गेला, हात लावला, पण रेटा दिला नाही. परत येऊन बसला. दुपारी कमळाबाई न सांगता आली आणि डबा घेऊन गेली. असं आठ दिवस चाललं. आठ दिवस तो ओट्यावरून ढगांकडं बघून आकडे लिहीत राहिला. ऐंशी, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव. आकडा कागदावर पडला की घटकाभर बरं वाटायचं, मग तो पुन्हा वही उघडून तोच आकडा बघत बसायचा.

आभाळ निवळलं तशी पेटी आपोआप तापायला लागली. तो एखाद्या वेळेस उठून ती सरकवायचाही, भिंतीला धरून. त्याला वाटलं, संपलं.

महिन्याच्या शेवटी रोहिणीताई वह्या बघायला आली. बारा घरांच्या वह्या आभाळ आलं तिथंच थांबल्या होत्या. झुंबरची वही तिनं दोनदा वाचली.

"काका, आभाळात ब्याण्णव? सगळ्यांच्या पेट्या बंद पडल्या, तुमचीच कशी चालली?"

त्या दिवशी लागणीला खाडा होता, सुलाबाई घरीच होती. झुंबरच्या आधी तीच बोलली.

"ह्यांचं ध्यान असतं ना तिच्यावर, ताई. ढगामागं सूर्य कुठं हाय ते ह्यांना बरोबर कळतं."

ताईनं काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली, की अंगणवाडीला मोठी पेटी द्यायचं चाललंय. बावीस मुलांचं रोजचं जेवण. करायला बाई लागेल, पगारावर. "मावशी, तुम्ही कराल?"

सुलाबाईचा हात कंबरेवर गेला. पंधरा वर्षं ती कंबर चिखलावर वाकत होती.

"करीन ना. का नाय करणार?"

"तालुक्याचे साहेब आधी बघायला येतील. चार तारखेला. तीन पेट्यांत मटकी, साडेबाराला मुलं जेवली पाहिजेत. त्या दिवशी आभाळ असलं तरी काकांच्या वहीप्रमाणे अडीच तासात होईल. नऊला ठेवू, म्हणजे तासभर हाताशी."

झुंबरनं तोंड उघडलं. सुलाबाई ताईला चहा करायला आत पळाली होती, आतून काटक्या मोडल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "ताई, पाय जरा वर घ्या, इथं मुंग्या हायेत." आणि तोंड मिटलं.

मधले दिवस त्याला गोड लागले नाहीत. तो पहाटेपासून आभाळ बघायचा. निळं असलं की जेवायचा, भुरकट असलं की ताटावरून उठायचा. दोनदा त्यानं सुलाबाईला हाक मारली, आणि ती आली तर पाणी मागितलं. ती मात्र नव्या उत्साहात होती. तिनं दीड किलो मटकी निवडली, भिजवली, फडक्यात बांधली. मोड चांगले बोटभर आले. चार तारखेचा रोज तिनं टोळीला आधीच नाही म्हणून टाकला होता. टोळीतल्या बायका म्हणाल्या, आता काय बाई, सुला सरकारी झाली.

चार तारखेला नऊ वाजता ऊन होतं. दहाला गेलं.

अंगणात तीन पेट्या ओळीनं मांडलेल्या, एक घरची, दोन वस्तीतून आणलेल्या. ताई, तिच्यासोबत जीपमधून आलेले साहेब, अंगणवाडीच्या बाई, आणि कामाला न गेलेल्या वस्तीतल्या पाच-सहा बाया. सुलाबाईनं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं. झुंबर ओट्यावर. त्याला खुर्ची दिली होती, साहेबांच्या शेजारी.

अकरा वाजता ताईनं काटे बघितले. अठ्ठावन्न, एकसष्ट, छप्पन्न.

"मावशी, पेट्या फिरवल्या ना?"

"आत्ताच फिरवल्या."

साडेअकरा. चौपन्न, सत्तावन्न, त्रेपन्न. अंगणवाडीत मुलं ताटल्या वाजवायला लागली, ते वस्तीभर ऐकू येत होतं. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग मांडीवरची वही उघडली.

"इथं तर असंच आभाळ असताना ब्याण्णव लिहिलंय. तारीख अठरा." त्यांनी चष्मा वर केला. "मग आज काय झालं? बाई, पाणी जास्त घातलं असणार तुम्ही."

"नाय साहेब, दोन बोटंच."

"मग झाकण उघडलं असेल. सवय असते बायकांना, सारखं उघडून बघायची."

"नाय उघडलं. खरंच नाय उघडलं." सुलाबाईनं एका पेटीवरून दुसऱ्या पेटीकडं बघितलं. पदरानं काच पुसली. काचेवर काहीच नव्हतं, तरी पुन्हा पुसली. "मटकी जरा जास्त झाली आसंल. माझंच चुकलं आसंल काहीतरी."

बायांपैकी कुणीतरी खाली मान घालून हसलं.

झुंबर खुर्चीतून उठला. अर्धा उठला, ओट्याच्या खांबाला धरून पुरा झाला.

"तिचं काय चुकलं नाय," तो म्हणाला. "वही खोटी हाय."

ताईला ऐकूच आलं नाही बहुतेक. "काय म्हणालात काका?"

"वही. आभाळातले आकडे मी बसून लिवले. काटा मी बघितला बी नव्हता. मटकी हिच्या गॅसवर शिजली." त्यानं कमळाबाईकडं हात केला.

कमळाबाई पुढं आली. "मीच नेत व्हते डबे," ती म्हणाली. "मानूस उपाशी राहील म्हनून."

"कधीपासून?" ताईनं विचारलं.

"अठरा तारखेपासून," झुंबर म्हणाला. "त्याच्या मागचं सगळं खरं हाय, एकून एक."

"पण का लिहिलंत?"

साहेब बघत होते, बाया बघत होत्या. सुलाबाई पेटीवर हात ठेवून उभी होती आणि तिच्याकडं तो बघू शकत नव्हता.

"पडलो व्हतो," तो म्हणाला. "फिरवताना. मंग पुन्हा फिरवायची छाती झाली नाय. आन् फिरवली नाय असं लिववेना."

साहेब उठले. त्यांनी वही मिटून ताईच्या हातात दिली. "पुढच्या वेळी स्वतः खात्री करून बोलवत जा," म्हणाले आणि जीपकडं चालू लागले. ताईचे कान लाल झाले. ती त्यांच्यामागं गेली नाही. तिनं काटे पुन्हा बघितले.

"मावशी, ही मटकी अडीच तास कोमट आहे. मुलांना द्यायची नाही."

"उकळून घेतली तं?"

"नको. लहान मुलं आहेत."

कमळाबाईच्या गॅसवर अंगणवाडीच्या तांदूळ-डाळीची खिचडी चढली. मुलं दीड वाजता जेवली. सुलाबाईनं दीड किलो मटकीचे डबे एकेक करून उकिरड्यावर रिते केले. निळं लुगडं खोचलेलं होतं. बोटभर मोडांची मटकी, तिच्यावर लगेच कोंबड्या तुटून पडल्या. बाया आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

जाताना ताई झुंबरपाशी थांबली. तिला रागावायचं होतं बहुतेक, पण तिनं वही त्याच्या मांडीवर ठेवली. "अठरापासून खोडा," म्हणाली. "आणि खरं काय झालं ते लिहा. काटा कुठं अडकला, काय शिजलं नाही. बाकी कुणी ते लिहिलेलंच नाही. मला तेही लागतं."

"आन् अंगणवाडीचं काम?"

"ते आता नाही होणार, काका. या वर्षी तरी नाही." ती मोठी पेटी ताईनं दुसऱ्या गावाला दिली, हे पुढं महिन्याभरात कळलंच.

त्या संध्याकाळी सुलाबाईनं लुगडं बदललं. चूल पेटवली, धुरात बसून भाकऱ्या थापल्या, खोकली. त्याच्यापुढं ताट सरकवलं. मग एकदम तवा खाली आपटला.

"किती येळ पडून व्हता?"

"कोन?"

"कोन काय इचारता? त्या दिवशी."

"पाऊन तास आसंल."

"मातीत."

"हं."

"आन् मी घरी येऊन मटकी खाल्ली. वर इचारलं, कितीवर नेली." तिनं तोंडावर पदर धरला, खोकल्यासाठी का कशासाठी ते कळलं नाही. "त्या कमळीला सारं ठावं. मला नाय."

"तुला सांगितलं आसतं तं तू घरी बसली आसती."

"बसले आसते."

"मंग? रोज कुनी आनला आसता?"

"ते मी बघितलं आसतं ना! ते मला बघू द्यायचं होतं. तुम्ही कोन ठरवनारे?"

भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला.

पुढचे तीन दिवस ती भल्या सकाळी पिकअपनं गेली. जाताना पेटीत काही ठेवलं नाही, बघितलंही नाही. पहाटे धूर करून सगळं शिजवून जायची. झुंबर आतबाहेर करत राहिला. पहिल्या दिवशी त्यानं वही घेतली, अठरा ते पंचवीसच्या ओळींवर आडव्या रेघा मारल्या. रेघांखाली लिहिलं, फिरवली नाही. काटा बघितला नाही. शिजलं नाही. आठ वेळा तेच. चौथ्या ओळीनंतर अक्षर पुन्हा टपोरं झालं.

चौथ्या दिवशी ती गेल्यावर त्यानं मडक्यातली मटकी काढली. आदल्या दिवशी दुपारी त्यानंच भिजवून ठेवली होती, एका हातानं निवडून, खडे राहिलेच असतील. डबा गुडघ्यांत धरून पाणी घातलं, निम्मं मांडीवर सांडलं. पेटीत ठेवला. ऊन होतं, पण पातळ. मधूनच ढगाची साय यायची.

मालगाडी गेली. तो भिंत धरत पेटीपर्यंत पोचला. कडेला हात लावला. पाय अडकला होता तो दगड समोरच होता. तो तसाच उभा राहिला. आरशाचा उजेड काचेवरून सरकून भिंतीवर गेला होता.

"कमळे," त्यानं हाक मारली. आवाज फुटला नाही. मग जोरात, सगळ्या वस्तीला जाईल अशी मारली. "कमळे! जरा हात दे गं!"

कमळाबाई गुडघे धरत आली. तिनं एका बाजूनं रेटलं, त्यानं दुसऱ्या बाजूनं. पेटी फिरली. अर्ध्या तासानं त्यानं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता काय मी इथंच खाट टाकू का, भाऊजी?" आणि खरंच पाट घेऊन तिथं बसली, लसूण सोलत.

काटा अठ्ठ्याहत्तरला गेला, ढग आला, बासष्टला उतरला, परत ब्याऐंशी. मटकीला अडीचाऐवजी सव्वाचार तास गेले.

सुलाबाई दिवस बुडता आली. हातापायाचा चिखल धुतला, आत गेली, टोपलीत बघितलं. पहाटेच्या भाकऱ्या होत्या. आणि चुलीपाशी काळा डबा. तिनं झाकण काढलं, दोन दाणे उचलून बोटांत दाबले. एक दबला, एक निसटला. ती तशीच डबा घेऊन दारात आली.

"मधी कच्ची हाय," ती म्हणाली.

"हाय," झुंबर म्हणाला. "लिवलंय तसं."

त्यानं वही पुढं केली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ती हातात घेतली, उजेडाकडं धरली.

"काय लिवलंय?"

"आठ वेळा फिरवली. आठही वेळा कमळाबाईनं हात दिला. सव्वाचार तास. मटकी मधी कच्ची."

सुलाबाईनं वही त्याच्या मांडीवर परत ठेवली. डब्यातला तो निसटलेला दाणा शोधून काढला, तोंडात टाकला, चावत उभी राहिली.

"उद्या मटकी नका घालू," ती म्हणाली. "तिला ऊन जास्त लागतं. डाळ भिजवून ठेवते."